तुले लागनं का वं?

मी हसले. झालं ते एवढंच. ऊन अजून गॅलरीच्या जाळीवर होतं आणि आम्ही जेवायला बसलो होतो, कारण आमच्याकडे सूर्य बुडायच्या आत ताटं घासायला गेलेली असतात. जळगावच्या आमच्या घरी त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. मी, माझे यजमान प्रेमचंद, आणि माझ्या धुळ्याच्या भावाची मुलगी पलक, जी मुंबईहून आपल्या घरी न जाता सरळ आमच्याकडे आली होती. भुआकडे दोन दिवस राहते, म्हणाली. मला केवढा आनंद झाला होता त्याचा! आईबापाच्या आधी भुआ. यजमानांनी तिला दोनदा लोणचं मागितलं तरी तिचं लक्ष नव्हतं, शेवटी त्यांनी उठून स्वतःच बरणी घेतली. ती पापडाचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. मग ताटाकडेच बघत म्हणाली, "भुआ, सरांनी परवा तालमीत माझ्यावर बाटली फेकली. स्टीलची. भरलेली होती." आणि मी हसले. नुसती हसले असते तरी एक वेळ चाललं असतं, मी खूश होऊन हसले. "फेकली? अजून फेकतो तो?" म्हणत मी टेबलावर थाप मारली आणि घरात कुणाचं लग्न ठरल्यासारखं यजमानांना सांगितलं, "ऐकलंत का? अभिमनभाऊनं हिच्यावर बाटली फेकली. म्हणजे आपली पोरगी पास झाली!"

पलकनं माझ्याकडे पाहिलं. मी ते बघणं तेव्हा पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं, पण माझी गोष्ट सुरू झाली होती आणि माझी गोष्ट एकदा सुरू झाली की मला समोरचा माणूस दिसत नाही, फक्त श्रोता दिसतो. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. महिला मंडळात सांगितली, कॉलेजच्या पोरांना सांगितली, आमच्या मुलाच्या, अर्हमच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. अभिमनभाऊ म्हणजे नाटकं बसवणारा अभिमन. मूळचा शिरपूरकडचा, आता मुंबईत मोठं नाव आहे, वय झालंय पण अजून उभा आहे. पलक वेशभूषेचं शिकून मोकळी झाली तेव्हा तिला त्याच्याकडे मीच धाडली. भाऊ नको म्हणत होता, भाभी रडत होती, आणि मी फोनवर ठणकावलं होतं, "अरे, त्याच्या हाताखाली एक नाटक केलं की माणूस आयुष्यभर पुरतं शिकतो. मला विचार." मला विचार! त्या दोन शब्दांत माझा केवढा तोरा होता. तर गोष्ट अशी की मी मुंबईला कापडावरच्या छपाईचं शिकत होते आणि अभिमनभाऊ तेव्हा एका बंद पडलेल्या गिरणीच्या कँटीनमध्ये नाटक बसवत होता. फाटकाशी पोरं बसलेली असत, कुठल्या तरी भाईची, कमरेला काहीबाही खोचलेली. ती तालीम बघायची आणि चुकलेली वाक्यं नटांच्या आधी म्हणायची. एका रात्री गल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या, एक माणूस फाटकाबाहेर पडला, आणि आत अभिमनभाऊ म्हणाला, थांबायचं नाही. कुणी थांबलं नाही. इथं मी जरा थांबते. मग दुसऱ्या दिवशीच्या तालमीत मी कोपऱ्यात उभ्या उभ्या पडद्याचं कापड धरलं होतं आणि माझ्या हातून ते सुटलं, आणि त्यानं हातातला पितळी पेला माझ्यावर भिरकावला. इथं मी डाव्या भिवईवर बोट ठेवते. भिवईत खोक आहे, केस उगवत नाहीत. रक्त डोळ्यात उतरलं. आणि हा माणूस, जो आम्हाला शुद्ध बोला म्हणून छळायचा, राग उतरल्याबरोबर आपल्या घरच्या बोलीवर यायचा. तो जवळ आला, खाली वाकला आणि आईनं विचारावं तसं विचारलं, "तुले लागनं का वं?" ही ओळ मी हुबेहूब म्हणते, लोक हसतात. लागलं का गं तुला! पेला स्वतःच फेकून! आणि मी मान वर करून म्हटलं, "नाही."

"मग?" पलकनं विचारलं.

"मग काय, उचललं कापड आणि उभी राहिले परत. ती मुंबईच वेगळी होती, पलक. माणसं मरत होती आणि माणसं असली कामं करत होती. आता आहे काय, सगळी काच."

"नाही म्हणालात तुम्ही."

"म्हटलं, नाही. नाही लागलं."

"हं," ती म्हणाली आणि पापडाचे तुकडे गोळा करून ताटाच्या कडेला ठेवले. तिनं पुढं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाटली भिंतीवर आपटली की पायावर पडली, त्यानंतर काय झालं, तू इकडे का आलीस, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या तोंडात तर अजून तो पितळी पेला होता. सकाळी उठून पाहते तर ती बॅग घेऊन दारात उभी. धुळ्याची बस पकडते, म्हणाली. दोन दिवस राहणार होतीस ना, मी म्हटलं. तिनं वाकून पाया पडून घेतलं, तेव्हाही मी तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले, "अभिमनभाऊला माझा नमस्कार सांग."

ती गेल्यावर यजमान पेपर वाचत बसले होते. त्यांची डाळमिल आहे. डाळीतला खडा दिसावा तसं त्यांना बोलण्यातलं खोटं दिसतं आणि बहुधा ते तो उचलून गुपचूप बाजूला ठेवतात. त्या दिवशी पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "तुझी ती रात्रीची मुंबई मी काही पाहिली नाही. पण कुसुम, तू तरी कधी पाहिलीस? तुझ्या मामाजींकडे चौविहार असायचा ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" ते म्हणाले, "काही नाही. आपलं लग्न ठरलं ते त्याच्यावरच. माझी आई सगळ्यांना सांगत होती, मुलगी मुंबईत राहूनसुद्धा सूर्य बुडल्यावर पाणी पीत नाही." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. त्यांना वाटलं असेल, थट्टा केली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले आणि नळाखाली धुवायला काहीच नव्हतं.

खरंच आहे. मामाजींचं घर काळबादेवीला, दुकानाच्या वर. सूर्य कलला की मामीजी खिडकीत येऊन बसायच्या आणि मी ताटावर पोचले नाही तर त्या रात्री त्याही उपाशी राहायच्या, न बोलता, धर्मानं. त्या न बोलण्याला मी जितकी भ्यायले तितकी कुठल्या भाईला भ्यायले नाही. म्हणजे दुपार कलली की मी गिरणीच्या कँटीनमधून निघायची, सगळे तयारीला लागायचे आणि मी चपला शोधत असायची. खरी तालीम रात्रीची. गोळ्या रात्री झाडल्या गेल्या. थांबायचं नाही, असं अभिमनभाऊ रात्री म्हणाला. मला ते दुसऱ्या दिवशी चहा पिताना कुणीतरी सांगितलं, आणि सांगणाऱ्यानंही कुणाकडून ऐकलं होतं बहुतेक. माझ्या सगळ्या गोष्टी रात्रीच्या आहेत आणि मी तिथं एकाही रात्री नव्हते! इतक्या वर्षांत हे कधी माझ्या मनात आलं नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. यायचं. पण ते आमच्या तिजोरीमागच्या भिंतीच्या ओलीसारखं होतं, आहे हे ठाऊक असतं आणि तिजोरी कुणी हलवत नाही. मला काय दिसलं होतं मग? दुपारचं कँटीन. उंच खिडक्यांतून पडलेलं ऊन आणि त्यात उडणारी कापसाची तूस, जिचा वास मला नेमका धुळ्याच्या आमच्या दुकानासारखा यायचा, सरकीचा आणि ढेपेचा. घरची फार आठवण व्हायची. फाटकावरची पोरं दुपारी झोपलेली असत. एकानं मला एकदा रस्ता ओलांडून दिला होता. ती गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण त्यात काही होत नाही. मला भीती मात्र खरी वाटायची, दिवसाढवळ्या, आणि मी पदवी घेऊन परत आले तेव्हा गाडीनं मुंबई सोडली असेल नसेल, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यावर मी पुढं इतकं शौर्य बांधलं की खाली काय आहे ते मलाच सापडेना.

आणि पेला. पेला त्यानं फेकला, हे खरं. दुपारची वेळ होती, कापड सुटलं हेही खरं. पेला माझ्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीवर आदळला, मोठा आवाज झाला आणि मी कापडासकट खाली बसले. अभिमनभाऊनं येऊन विचारलं, "तुले लागनं का वं?" आणि मी म्हटलं, "नाही," कारण लागलं नव्हतं. भिवईची खोक त्याच्या कितीतरी आधीची, धुळ्याची. बापूजींच्या दुकानात ढेपेची पोती रचलेली असत, त्यांच्यावरून रुपचंदभाईनं, म्हणजे पलकच्या वडिलांनी, मला उडी मारायला लावली आणि मी तराजूच्या पारड्यावर पडले. रुपचंदला त्यासाठी बापूजींनी मारलं. अजून दरवर्षी संवत्सरीला, आमच्यात सगळे एकमेकांची माफी मागतात त्या दिवशी, त्याचा फोन येतो आणि तो आधी ठरलेलं म्हणतो, "जाणते-अजाणतेपणी तुझं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्," आणि मग हसत जोडतो, "आणि तुझ्या भिवईचं वेगळं." मी म्हणते, "ते कधीच माफ केलं, भाई." फोन ठेवते आणि त्याच भिवईवर बोट ठेवून लोकांना सांगते की ही अभिमनभाऊनं दिली. कधीपासून सांगायला लागले? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात केव्हातरी, नणंदेच्या मैत्रिणींसमोर. कुणीतरी म्हणालं, मग लागलं नाही? आणि त्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मेली असती. बोट आपोआप वर गेलं.

पर्युषणाचे दिवस आले आणि मी आमच्या जैन स्थानकात रोज जाऊन बसू लागले. प्रवचन चाललेलं असायचं आणि मी पलकचं ते बघणं पुन्हा पुन्हा बघायची, आता नीट, गोष्ट मध्ये न येता. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडखोर बाई आहे, रागाला उत्तर देता येतं. ती माझ्याकडे परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या मुलीनं बाईंकडे बघावं तसं बघत होती. मी फोन उचलायची आणि ठेवायची. काय विचारणार? आता विचारायचं म्हणजे त्या वेळी विचारलं नाही हे कबूल करायचं. एकदा लावला तर भाभीनं उचलला, "पलक झोपलीय, हल्ली सारखी झोपते, दगदग झाली ना पोरीला." मी म्हटलं, "झोपू दे, झोपू दे," आणि ती झोपलीय याचा मला आनंद झाला, त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणजे आपण काही अगदीच वाईट नाही असंही वाटलं. माझं मन असं आहे. त्याला लाजेचंसुद्धा कौतुक करून घेता येतं.

संवत्सरीचा उपवास होता. संध्याकाळी प्रतिक्रमण झालं, बायका हात जोडून एकमेकींसमोर जात होत्या, खमतखामणा, खमतखामणा, जिच्याशी वर्षभर बोलत नाही तिलाही. मीही सगळ्यांना म्हटलं. माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघतं की मध्येच एका खांबालाही म्हणाले असेन. घरी येऊन फोन पाहिला तर नेहमीची फुलांची, दिव्यांची, हात जोडलेली चित्रं ओळीनं आलेली. त्यांच्यात पलकचं. चित्र नव्हतं, तिनं लिहिलं होतं. "मिच्छामि दुक्कडम्, भुआ. तुमच्याकडे आले तेव्हा तोंड पाडून बसले, न सांगता निघून गेले, त्याबद्दल. तुमचं बरोबर होतं. तुम्ही नाही म्हणालात आणि उभ्या राहिलात, मी मात्र पळून आले. सोमवारी परत जातेय. सरांना तसं कळवलंय." मी ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. यजमानांनी विचारलं, "कुणाचं काय?" मी म्हटलं, "पलकनं माफी मागितलीय." ते म्हणाले, "शहाणी पोर आहे." मला त्या वेळी त्यांचा एवढा राग आला की उपवास नसता तर भांडले असते. राग त्यांचा नव्हताच. बाटली त्यानं फेकली, माफी तिनं मागितली, आणि मध्ये उभी राहून हे असं जुळवून दिलं मी. ती सोमवारी जाणार होती त्या माणसाकडे, माझ्या भिवईच्या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी घेऊन पारणं केलं आणि निघाले. अर्हम म्हणत होता गाडी घेऊन जा, ड्रायव्हर देतो. मी म्हटलं, एसटीनं जाते. गाडीत ड्रायव्हर मला अक्का म्हणतो आणि आरशातून बघतो, मला कुणी बघायला नको होतं. एसटीत खिडकी मिळाली. एरंडोल गेलं, दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच केळीचा ट्रक रस्ता अडवून चाललेला, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. पलक, मला तुला एक सांगायचंय. नको, हे भाषण झालं. पलक, ती खोक काही त्याची नाही. पण मग ती विचारेल, तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगितलं ते? तिला मी ही गोष्ट तिच्या सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदा सांगितली होती, तिनं खुर्चीवर चढून माझ्या भिवईला हात लावला होता. शाळेत सगळ्याजणी डॉक्टर व्हायचंय म्हणायच्या तेव्हा ती म्हणायची, मला भुआसारखं नाटकात कापड धरायचंय. मी तिच्यापुढं खोटी ठरले तर माझ्याकडे राहतं काय? डाळमिलवाल्याची बायको, जी एकदा मुंबईला शिकून आली. जळगावात अशा पन्नास असतील. हा विचार मला त्या बसमध्ये आला, पलकच्या आधी आला, तो इथं लिहिताना हात जड होतोय पण आला तसा लिहिते आहे.

एक बाई चढली, डोक्यावर गाठोडं, माझ्याशेजारी टेकत म्हणाली, "अक्का, जराशी सरक ना. माले पारोळाले उतरनं शे." मी सरकले. ती पदरानं तोंड पुसत माझ्याकडे बघत राहिली, बायका बसमध्ये बघतात तशी, निवांत. मग स्वतःच्या भिवईवर बोट ठेवून म्हणाली, "हाई काय लागनं व्हतं वं?"

लागनं. तो शब्द मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून माझाच समजून सोडून दिला असेल. माझ्या तोंडी तो हशा घ्यायचा शब्द. इथं ती बाई सरळ विचारत होती, म्हणजे तिला कळून घ्यायचं होतं.

"पडनी व्हती का?" तिनंच पुढं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लहानपणी. धुळ्याला, आमच्या दुकानात."

"आते दुखत नही ना?"

"नाही."

"मंग बरं शे," ती म्हणाली, आणि गाठोड्यातून शेंगा काढून माझ्या हातात घातल्या. इतकं सोपं होतं ते. गोष्ट मेली आणि काहीसुद्धा झालं नाही, बस चालतच होती. मी शेंगा सोलत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती बाई ते बघून न बघितल्यासारखं करत पारोळ्याला उतरून गेली.

धुळ्याला रुपचंदभाई दारातच भेटला. हात जोडून, हसत, "मिच्छामि दुक्कडम्, कुसुम. आणि तुझ्या भिवईचं वेगळं." मी दरवर्षीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. त्याचे केस सगळे गेले होते, बनियनवर उभा होता, इतकी वर्षं तो त्या एका उडीची माफी मागत होता. मी म्हटलं, "पलक कुठं आहे?" "वर. बॅग भरतेय. तू जरा समजव तिला कुसुम, तुझं ऐकते. डॉक्टर म्हणालेत एवढ्यात प्रवास नको, आणि ही ऐकायला तयार नाही." मी विचारलं, कसला डॉक्टर. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "तुला सांगितलं नाही होय? तालमीच्या जागी पायऱ्यांवरून पडली. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. त्या कानानं तिला ऐकू येत नाही. भरून येईल म्हणतात, नाही आलं तर ऑपरेशन." मग आवाज उतरवून म्हणाला, "पडून कानाचा पडदा फाटतो का गं? मी काही शिकलेला नाही. तू मुंबईत राहिलेली आहेस." त्याला संशय होता. बापाला असतोच. लोणचं, मला आठवलं. दोनदा मागितलं होतं, यजमान तिच्या डाव्या हाताला बसले होते. मी जिन्याकडे वळले. पडले होते मी आणि सांगितलं की त्यानं मारलं. तिला त्यानं मारलं आणि ती सांगते की पडले. हे माझ्या मनात जिना चढताना आलं.

पलक पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, पुढं खुर्चीवर बॅग, आणि एकेक कपड्याची घडी घालत होती. माझ्याकडे बघून हसली, उठू लागली, मी म्हटलं बस, बस. तिच्या शेजारी बसले. तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर माझा धीर गेलाच असता, म्हणून मी समोरच्या कपाटाकडे बघत, हळू आवाजात, खाली भाऊ-भाभी होते ना, एका दमात सगळं सांगून टाकलं. पेला भिंतीला लागला. खोक धुळ्याची आहे, तुझ्या बापाला विचार. मी रात्री तिथं कधीच नव्हते, मामीजी खिडकीत बसायच्या. नाही म्हटलं कारण लागलं नव्हतं, लागलं असतं तर रडले असते आणि पहिल्या गाडीनं घरी आले असते, तू आलीस तशी. तू केलंस ते बरोबर. मी हसले ते माझ्या गोष्टीला हसले, तुला नाही, पण तू समोर होतीस. त्याच्याकडे जाऊ नकोस. मुंबईला जा, खुशाल जा, पण त्याच्याकडे नको, त्याला फोन मी करते, आणि तुझ्या पपांना खरं सांगू आपण, मी असते बरोबर. जाणते-अजाणतेपणी, असं म्हणायला गेले आणि नुसतं जाणते म्हटलं, पुढचा शब्द घेतला नाही. मिच्छामि दुक्कडम्. एवढं सगळं. संपल्यावर मला हलकं वाटलं, छातीवरची डाळीची गोणी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं, आणि मी वाट बघत बसले.

पलक घडी घालत होती. एक कुर्ता घातला, दुसरा घेतला, बाहीची सुरकुती काढली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला वाटलं, हीच शिक्षा, योग्य आहे. मग चार्जर घ्यायला ती वळली, तिला माझं तोंड दिसलं, आणि तिनं पटकन मान फिरवून उजवा कान माझ्याकडे केला.

"काही म्हणालात का भुआ?"

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. भावानं आत्ताच, जिन्याखाली, डावा म्हणून सांगितलं होतं. दारातून आत आल्यावर दोन्हीकडे जागा होती. मी डावीकडे बसले ते जाणून की अजाणता, याचं उत्तर मी त्या दिवसापासून शोधते आहे आणि मला ते देता येत नाही. त्या क्षणी मात्र एकच शब्द तोंडात तयार होता, वर्षानुवर्षं घोटलेला. नाही. नाही गं, काही नाही म्हटलं. तेवढं म्हटलं असतं की मी सगळं सांगूनही टाकलं होतं आणि तिला काही कळलंही नव्हतं, यापेक्षा सोयीचं काय असतं!

"हो," मी म्हटलं. उठले, पलंगाला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला गेले, तिथली उशी बाजूला केली आणि बसले. या वेळी कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्याकडे बघितलं तर पहिल्यांदा पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही, जे पहिल्याच दिवशी ताटावर विचारायचं होतं तेवढंच आलं.

"तुला लागलं का गं?"

तिनं मान वर केली. हनुवटी जराशी पुढं, डोळे कोरडे. ती मान मी ओळखली, महिला मंडळात, लग्नात, कॉलेजात मी हीच मान करून दाखवली होती.

"नाही," पलक म्हणाली.

मी तिच्या हातातला कुर्ता काढून घेतला. तिचा हात धरला, ती सातव्या-आठव्या वर्षी खुर्चीवर चढून लावायची तसा माझ्या भिवईवर, त्या बिनकेसांच्या जागेवर ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.